सेमी-ऑटो बारा बोअर: भरवशाची कोणती, आणि मुळात हवी कशाला? (इंदूर)

रामबागकर

इंदुरात हा प्रश्न दोन प्रकारची माणसं विचारतात. एक ट्रॅप-स्कीट खेळणारी, म्हणजे हवेत फेकलेल्या मातीच्या ‘कबुतरां’वर (तबकड्यांवर) नेम धरणारी. दुसरी रोकडगाडीवर गार्ड पुरवणारी किंवा महू-सिमरोळकडे फार्महाऊस असलेली, ज्यांनी परदेशी व्हिडिओत काळी ‘टॅक्टिकल’ बंदूक पाहिलेली असते. दोघांनाही माझं उत्तर एकच: सेमी-ऑटो, म्हणजे प्रत्येक बारानंतर पुढचं काडतूस आपोआप चढवणारी, घ्यायचीच असेल तर गॅसवर चालणारी घ्या, इनर्शियाची (धक्क्यावर चालणारी) नको.

गॅसच्या बंदुकीत नळीच्या भोकांतून थोडा गॅस पिस्टनवर येतो आणि पिस्टन बोल्टला, म्हणजे नळीचं बूड बंद करणाऱ्या सरकत्या भागाला, मागे ढकलतो. बेनेली एम4 मध्ये चेंबरच्या (काडतूस बसतं त्या जागेच्या) जरा पुढे दोन आखूड पिस्टन आहेत. तिथे गॅस खूप गरम असतो, त्यामुळे काजळी कमी बसते. अमेरिकन मरीन्सनी 1999 मध्ये हीच बंदूक एम1014 म्हणून निवडली. बेरेटा 1301 सुद्धा गॅसचीच. जड काडतुसाचा जास्तीचा गॅस झडपेतून बाहेर जातो, हलक्या काडतुसाला जेवढा लागतो तेवढा मिळतो.

इनर्शियात, म्हणजे बेनेली एम2 सारख्यांत, बोल्टचं डोकं आणि बोल्टचं धड यांच्यामध्ये एक ताठ स्प्रिंग असते. बार उडाला की बंदूक मागे येते, बोल्टचं धड जागीच राहायला बघतं, मधली स्प्रिंग दाबली जाते आणि मग तीच बोल्टला मागे फेकते. म्हणजे बंदूक मोकळेपणी मागे आली तरच यंत्रणा चालणार. तिला टॉर्च लावा, बाजूला सहा काडतुसांचं कॅरिअर लावा, वर दस्ता भिंतीला टेकवून चालवा, की उडालेल्या काडतुसाचा खोका अर्धवट निघून अडकलाच.

आर्मरर_महू

रामबागकर, टॉर्चचा मुद्दा मान्य, निष्कर्ष नाही. इनर्शियात गॅस नळीबाहेर येतच नाही, सगळी काजळी नळीतच राहते. गॅसच्या बंदुकीत पिस्टन, त्याची रिंग, नळीची भोकं आणि मॅगझिनच्या नळीचा बाहेरचा पृष्ठभाग, इतकं सगळं साफ ठेवावं लागतं. आपल्याकडे गार्डची बंदूक किती वेळा उघडली जाते ते सगळ्यांना ठाऊक आहे.

रेमिंग्टन 1100 घ्या, 1963 पासूनची गाजलेली बंदूक. तिच्या मॅगझिनच्या नळीवर एक रबरी रिंग असते. ती तडकली की गॅस गळतो, बोल्ट पुरता मागे येत नाही, आणि मालक काडतुसाला शिव्या देत बसतो. एवढीशी रिंग, पण आपल्याकडे ती मिळवायची कुठून?

गॅसच्या बंदुकीत दुसरी चूक तेलाची. लोक पिस्टनवर तेल ओततात. ते तापून काजळीत मिसळतं आणि डिंकासारखं चिकटतं. पिस्टन जवळपास कोरडाच ठेवायचा. तेलाचा थेंब बोल्टच्या पट्ट्यांवर आणि लॉकिंगच्या भागावर.

इनर्शियाची खरी खोड वेगळीच आहे, ती तुम्ही लिहिली नाहीत. आवाज नको म्हणून बोल्ट हाताने हळूच पुढे सोडला, किंवा बंद बोल्टच्या हँडलला धक्का लागला, तर बोल्टचं डोकं पुरतं वळून लॉक होत नाही. चाप ओढला की नुसतं ‘क्लिक’. उपाय सोपा: बोल्ट पूर्ण मागे ओढायचा आणि सोडून द्यायचा, हात धरून न्यायचा नाही. ज्या गार्डला हे शिकवलेलं नाही त्याच्या हातात एम2 देऊ नये, हे मीही म्हणेन.

वकीलकाका

तुमचं पिस्टनपुराण चालू द्या, पण आधी परवान्याचं बघा. शस्त्र नियम 2016 च्या वर्गवारीत सेमी-ऑटो बंदुका वरच्या, प्रतिबंधित वर्गात येतात. 20 इंचांहून आखूड नळीची बिनआट्याची (आतून गुळगुळीत नळीची) बंदूकही त्याच रांगेत. कलेक्टर कचेरीतून मिळणाऱ्या नेहमीच्या बारा बोअरच्या परवान्यावर यातलं काही चढत नाही. त्यासाठी गृहमंत्रालयापर्यंत जावं लागतं. ज्या 18.5 इंची ‘टॅक्टिकल’वर लोक भाळतात, ती दोन्ही अटींत अडकते. सर्वसामान्यांसाठी आयात 1980 च्या दशकापासून बंद आहे. नामांकित नेमबाजांना सवलत आहे, तीही खेळासाठी.

आणखी एक. शस्त्र कायद्याच्या 2019 च्या दुरुस्तीनंतर एका परवानाधारकाकडे दोनच शस्त्रं राहू शकतात. रायफल आणि पिस्तूल आधीच असेल तर तिसऱ्याचा विचार सोडा. लग्नाच्या वरातीत बार उडवला तर त्याच दुरुस्तीनुसार दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. हे माळव्यात मुद्दाम सांगावं लागतं.

तेव्हा फार्महाऊसवाल्यांनी दुनाळी किंवा पंप (पुढचा दांडा हाताने मागे-पुढे करून चालणारी) यांतलंच निवडावं.

टिळकनगरी

मग पंपच. तिरुचिरापल्लीच्या ऑर्डनन्स फॅक्टरीची पंप अ‍ॅक्शन आहे, कायद्यात बसते, देशात बनते. पंपला काडतूस हलकं की जड याने फरक पडत नाही, कारण बोल्ट हाताने चालतो. मिसफायर झालेलं (चाप ओढूनही न उडालेलं) काडतूसही त्याच हालचालीत बाहेर. रेमिंग्टन 870 ही 1950 पासूनची, मॉसबर्ग 500 ही 1960 पासूनची. या दोन पंप बंदुका जगभरच्या पोलिसांनी उगीच वापरल्या का?

रामबागकर

पंप भरवशाचा तेव्हाच, जेव्हा हात भरवशाचा. घाबरलेला माणूस पुढचा दांडा पूर्ण मागे ओढत नाही, अर्ध्यावरूनच पुढे ढकलतो. रिकामा खोका निघत नाही, किंवा निघतो पण नवं काडतूस वर चढत नाही, आणि चेंबर रिकामं असताना चाप ओढला जातो. कधी दोन काडतुसं एकदम पुढे येऊन अडकतात, मग तिथेच बंदूक उघडायची वेळ. वर्षातून एकदा पाच बार उडवणाऱ्या गार्डकडून दर वेळी पूर्ण झटक्याची अपेक्षा ठेवणं म्हणजे भाबडेपणा आहे, भिया.

आर्मरर_महू

त्या गार्डला वर्षाला पाचच बार मिळतात, हा बंदुकीचा दोष नाही. पूर्ण झटका डमी काडतुसांवर, बिनखर्चाने शिकवता येतो. डमी वेगळ्या रंगाची हवीत, आणि सरावाच्या खोलीत खरं काडतूस एकही नको.

ट्रॅपवाला

खेळाचं कोणी बोलतच नाहीये. आंतरराष्ट्रीय नियमांत सेमी-ऑटो चालते, पंप चालत नाही. तेव्हा टिळकनगरींचा पर्याय इथे बाद. काडतूस जास्तीत जास्त 24 ग्रॅम छऱ्यांचं, आणि नवी ताठ स्प्रिंगची इनर्शिया बंदूक नेमकी त्यावरच अडखळते. म्हणून खेळासाठी सेमी-ऑटो घ्यायची तर गॅसची, इथे मी रामबागकरांबरोबर.

पण भोपाळच्या राज्य अकादमीच्या रेंजवर जाऊन बघा, बहुतेक हातांत वर-खाली दोन नळ्यांची दिसेल. सेमी-ऑटोचा खोका शेजारच्या नेमबाजाकडे उडतो, ते चालत नाही, पकडणारी क्लिप लावावी लागते. दोन नळ्यांत दोन वेगळे चोक (छरे कमी-जास्त पसरवणारे नळीच्या तोंडाचे आवळे) मिळतात: पहिला बार जवळच्या कबुतरावर, दुसरा लांबच्यावर. शिवाय उघडी दुनाळी रिकामी आहे हे दहा पावलांवरून दिसतं. सेमी-ऑटोचा बोल्ट मागे आहे की नाही हे जवळ जाऊन बघावं लागतं.

जुनी_दुनाळी

सगळे यंत्रावर भांडताय, काडतुसावर कोणीच बोलत नाही. आपल्याकडे दुकानात मुख्यतः खडकीच्या कारखान्याचं शक्तिमान. बंदूक त्याच्यावर चालली पाहिजे, इटलीतल्या काडतुसावर नव्हे.

पहिलं म्हणजे लांबी. काडतुसावर लिहिलेले 65 किंवा 70 मिलिमीटर ही उडाल्यानंतर उघडलेल्या खोक्याची लांबी. न उडालेलं 70 चं काडतूस 65 च्या चेंबरमध्ये आरामात बसतं, आणि लोक तिथेच फसतात. बार उडताना त्याचं तोंड चेंबरच्या पुढच्या निमुळत्या भागात उघडतं, दाब वाढतो. जुन्या विलायती दुनाळ्या 65 च्या असतात. नळीच्या बुडाचा शिक्का वाचा, नसेल तर गनस्मिथकडून मोजून घ्या.

दुसरं, पावसाळा. कागदी खोका ओल धरून फुगतो. दुनाळीत तो अंगठ्याने दाबून बसवता तरी येतो, अर्थात तसा बसवू नये. सेमी-ऑटोत बोल्ट पूर्ण बंदच होत नाही, किंवा उडाल्यावर एक्स्ट्रॅक्टर (खोका बाहेर ओढणारा आकडा) पितळी कड फाडून मोकळा होतो आणि खोका चेंबरमध्येच राहतो. तपासायची रीत: बंदूक रिकामी करून नळी काढा, काडतूस चेंबरमध्ये सोडा. स्वतःच्या वजनाने आत गेलं पाहिजे आणि नळी उलटी केली की बाहेर पडलं पाहिजे. अडलेलं बाजूला ठेवा. साठा घट्ट झाकणाच्या डब्यात, सिलिका जेलच्या पुड्या घालून, बंदुकीपासून वेगळ्या कुलपात. काडतुसाला तेलाचा हात लावू नका, तेल झिरपून बुडातली पेटवणारी टोपी मरते.

आता मिसफायर. दुनाळीत दुसरा चाप लगेच हाताशी आहे. रेंजवर मात्र कुठलीही बंदूक असो, नळी निशाण्याकडेच धरून निदान 30 सेकंद थांबायचं, मग उघडायची. काडतूस उशिरा पेटू शकतं.

टिळकनगरी

दुनाळीत दोनच बार, काका.

जुनी_दुनाळी

हो. आणि ते दोन्ही उडतात. एसजीचं एक काडतूस म्हणजे साधारण 8.4 मिलिमीटरच्या छऱ्यांची मूठ, एलजीत त्याहून जाड, साधारण 9.1 चे. आवाराच्या फाटकापर्यंत, 20-25 मीटरवर, तिसऱ्या बाराची गरज पडली तर प्रश्न बंदुकीचा राहिलेला नाही.

जुन्या परवान्यावर वारशाने आलेली ब्राउनिंग ऑटो-5 ही एकच सेमी-ऑटो आपल्याकडच्या घरांत खरोखर सापडते. तिच्यात ना गॅस, ना इनर्शिया, अख्खी नळीच मागे सरकते. मॅगझिनच्या नळीवरच्या स्प्रिंगपाशी एक लोखंडी रिंग असते. जड काडतुसाला ती स्प्रिंगच्या पुढे, पितळी ब्रेकला लागून. हलक्याला स्प्रिंगच्या मागे, बॉडीला लागून. हलक्याची मांडणी ठेवून जड काडतुसं उडवली की पुढचं लाकूड चिरतं. चिरलेल्या लाकडाची ऑटो-5 दिसली की आधी रिंग कुठे आहे ते बघा.

रामबागकर

काडतुसाचा मुद्दा बिनतोड आहे, आणि तो माझ्याच बाजूचा आहे. मिळेल त्या काडतुसावर जुळवून घेणारी यंत्रणा हवी असेल तर स्वतःचा दाब आपोआप सांभाळणारी गॅसचीच. खेळाडूंनी घेताना परवानगीच्या रेंजवर आपल्याच नेहमीच्या काडतुसाचे निदान 100 बार उडवावेत. पहिले 50 मूळ तेल पुसून हलकं तेल लावून, नंतरचे 50 तशीच, साफ न करता. दुसऱ्या पन्नासांत दोनदा अडकली तर परत करा, ‘चालून चालून मोकळी होईल’ हे ऐकू नका. आणि दस्त्यातली स्प्रिंग विचारा. रेमिंग्टन 1100, बेनेली एम2, एम4 यांची परतीची स्प्रिंग दस्त्यातल्या नळीत असते, तिथे ओल साचून गंज चढतो आणि बाहेरून काहीच दिसत नाही. पावसाळा संपला की दस्ता काढून ती नळी पुसायची.

आर्मरर_महू

स्प्रिंगचं बरोबर, बाकी माझं मत तेच. 100 बार साफ न करता चालवायचे असतील तर इनर्शिया 500 सुद्धा चालवेल, तुमच्या पिस्टनचं काय ते बघा.

वकीलकाका

निवडणूक जवळ आली की आचारसंहितेत बंदूक ठाण्यात जमा करायचा आदेश येऊ शकतो, मग ती कुठल्याही प्रकारची असो. देण्याआधी नळीत फुलतरूने (नळी साफ करायच्या दोरीने) तेलाची चिंदी फिरवा, चाप आणि दस्त्याजवळचा लोखंडी भाग हलक्या तेलाने पुसा, फोमच्या पिशवीत देऊ नका, फोम ओल धरून ठेवतो. सुती कापडात गुंडाळा. पावतीवर नळीचा आणि बॉडीचा नंबर दोन्ही लिहून घ्या. परत घेताना ठाण्याच्या आवारातच उघडून बघा.

ट्रॅपवाला

आणि चोक काढून, धाग्यांना ग्रीस लावून पुन्हा बसवून द्या. दोन महिने तसाच राहिलेला चोक नंतर पान्यानेही हलत नाही.