मदत हवी आहे: दाढेच्या जागी सिरॅमिक इम्प्लांट किती वर्षं टिकते?

राजेहो, आमच्या बाबांच्या खालच्या दोन दाढा काढल्या, आता भाकर दुधात कुस्करून खातात अन् दिवसभर चिडचिड. नागपूरच्या डॉक्टरनं इम्प्लांटचे (जबड्याच्या हाडात स्क्रू बसवून त्यावर नकली दात) दोन ऑप्शन दिले, टायटॅनियम नाहीतर झिरकोनिया, म्हणजे ते पांढरं सिरॅमिकवालं. टायटॅनियम १९६५ पासून माणसांच्या जबड्यात बसवून राहिले, झिरकोनियाचा एवढा जुना रेकॉर्ड नाही, अन् ते बरेचदा एकाच तुकड्याचं येते, स्क्रू अन् वरचा खुंटा जोडूनच, मंग थोडं तिरपं बसलं तर सुधरवाले जागा कमी. हिरडीतून काळपट दिसत नाही हे खरं, पण मागची दाढ पाहते कोण बावा? मले तर तुटायचीच भीती वाटते, आधीचे ॲल्युमिनाचे (तेही एक सिरॅमिकच) इम्प्लांट तुटत होते म्हणूनच मागं पडले ना.

कोणाच्या घरी दाढेले सिरॅमिक बसवून सात-आठ वर्षं झाली असतील तर सांगा, तडा गेला का, आजूबाजूचं हाड झिजलं का, एक्स-रे काढत राहा लागते का? बाबांले शुगर आहे अन् तंबाखू-सुपारीचा खर्रा काही सुटत नाही (त्यानं दोन्ही प्रकार फेल होऊ शकतात, डॉक्टरनं बजावलं). वर्धा-अमरावतीकडं झिरकोनियाचं काम नेहमी करणारे कोणी माहीत असन तर तेही कळवा.