स्प्रिंगफील्डची 'ट्रॅपडोअर' रायफल आणि अडकणारी काडतुसे

अमेरिकी सैन्याची १८७३ची स्प्रिंगफील्ड रायफल मुळातच सदोष होती आणि म्हणूनच १८७६मध्ये लिटल बिगहॉर्नच्या लढाईत अमेरिकी सेनाधिकारी कस्टर मूळ अमेरिकन टोळ्यांकडून हरला, असा एक दावा केला जातो. त्यात थोडी भर घालतो.

यादवी युद्धानंतर अमेरिकी सरकारकडे तोंडातून ठासायच्या बंदुकांचा प्रचंड साठा उरला होता. त्या मोडीत काढण्याऐवजी स्प्रिंगफील्ड शस्त्रागारातील अर्स्किन ॲलिन यांनी नळीचा मागचा भाग वरून कापून तिथे पुढच्या बाजूला बिजागरी असलेला, तळघराच्या झडपेसारखा (इंग्रजीत 'ट्रॅपडोअर') वर उघडणारा ठोकळा बसवला. कडेचा जुना घोडा मात्र तसाच राहिला आणि ठोकळ्यातून तिरक्या जाणाऱ्या पिनेवर तो आपटू लागला. १८६६मध्ये .५८ इंच व्यासाची नळी आतून अस्तर घालून .५० इंच केली गेली. १८७३मध्ये .४५ कॅलिबर (नळीचा आतला व्यास) आले: ७० ग्रेन (वजनाचे छोटे एकक) काळी दारू आणि ४०५ ग्रेनची गोळी. काटकसर म्हणून ही युक्ती मला आजही अफलातून वाटते.

आता मूळ मुद्दा. त्या काळची काडतुसे तांब्याची होती. मऊ तांबे बार उडाल्यावर फुगून तापलेल्या कोठ्याला (नळीच्या ज्या भागात काडतूस बसते त्याला) चिकटे, आणि मग रिकामे काडतूस बाहेर ओढणाऱ्या निष्कासकाचा आकडा त्याचा काठ फाडून निसटे. अशा वेळी सैनिकाला चाकूच्या टोकाने पुंगळी (काडतुसाचे रिकामे आवरण) उकरावी लागे. पुढे पितळी पुंगळ्या आल्या. लिटल बिगहॉर्नच्या रणभूमीवर पुढे झालेल्या उत्खननात मात्र अशा उकरल्याच्या खुणा असलेल्या पुंगळ्या थोड्याच सापडल्या, त्यामुळे पराभवाचे सगळे खापर बंदुकीवर फोडता येत नाही.