मीठ हे इंधन नव्हे
फिलिपिन्सच्या अभियंता आयसा मिहेनो यांचा दिवा 'मिठावर जळतो' असं म्हटलं जातं, त्यात थोडी दुरुस्ती. त्यांच्या 'सॉल्ट' दिव्याला पेलाभर पाणी नि दोन मोठे चमचे मीठ लागतं (समुद्राचं पाणीही चालतं), पण मीठ नुसतं पाण्यातून वीज वाहू देतं. वीज तयार होते ती अॅनोड, म्हणजे दिव्यात बसवलेला धातूचा तुकडा, झिजून. दिवा रोज 8 तास वापरला तर अॅनोड सहाएक महिने टिकतो, असा कंपनीचा दावा. खरी मेख तिथेच आहे: दूरच्या बेटावर नवा अॅनोड वेळेत पोचला नाही, तर दिवा शोभेचा! मनिलात 2015 मध्ये एपेक या आशिया-पॅसिफिक देशांच्या आर्थिक परिषदेच्या वेळी अमेरिकेचे तेव्हाचे अध्यक्ष ओबामा आणि 'अलीबाबा' या चिनी कंपनीचे संस्थापक जॅक मा यांच्या शेजारी बसून मिहेनो यांनी हा दिवा जगापुढे मांडला, पण धंदा म्हणून अवघड आहे ते सुट्या भागांचं वितरणच.