बिडाची जुनी बेस-बर्नर शेगडी : घेताना काय तपासायचं, जाळायचं काय?

अल्बनीकर (प्रश्न)
न्यूयॉर्क राज्यात ट्रॉयला ओतलेली, १८८०च्या दशकातली बेस-बर्नर (खोली तापवायची बंद शेगडी) विक्रीला आहे. निकेलच्या कडा, तिन्ही बाजूंना अभ्रकाच्या खिडक्या. दोन खिडक्यांचा अभ्रक गेलाय. मागच्या भागाला बोटभर तडा आहे. हिवाळ्यात रोज पेटवता येईल का? लाकूड चालेल का? आणि त्या काळी हिचं एवढं कौतुक कशासाठी होतं?

कोळसेवाला
लाकूड अजिबात नको. ही शेगडी अँथ्रासाइटसाठीच, म्हणजे कडक दगडी कोळशासाठीच बनलेली आहे. आत वरून लोंबणारी कोळशाची कोठी असते. खालचा कोळसा जळेल तसा वरचा आपसूक खाली सरकतो, म्हणून रात्रभर विस्तव टिकतो. लाकूड त्या कोठीत अडकतं, नीट न जळता धुमसतं आणि धुराड्यात डांबर धरतं. दगडी कोळशातला मऊ प्रकारही नको, तो तापला की फुगून कोठीतच चिकटतो. 'चेस्टनट' मापाचा घ्या, साधारण २ ते ४ सेंटिमीटरचे खडे.

कौतुक नक्षीपेक्षा आतल्या रचनेचं होतं. पेटवताना मागची झडप उघडी ठेवायची, धूर सरळ धुराड्यात जातो. निखारा धरला की झडप बंद करायची. मग गरम वायू आधी तळातून फिरतात आणि नंतर बाहेर पडतात, त्यामुळे जमिनीलगतची हवाही तापते. बेस-बर्नर हे नाव मात्र कोळसा कोठीच्या तळाशीच जळतो त्यावरून.

साचेरेती
या शेगड्या ट्रॉय आणि शेजारच्या अल्बनीतच का ओतायचे, याचं उत्तर वाळूत आहे. त्या भागातली मोल्डिंगची (ओतकामाचे साचे करायची) वाळू इतकी बारीक की पानाची शीरसुद्धा बिडात उतरते. १८२५ला एरी कालवा झाला, माल पश्चिमेकडे जायला लागला; १८२८ला डेलावेअर-हडसन कालव्याने पेन्सिल्व्हेनियाचा अँथ्रासाइट हडसन नदीपर्यंत आणला. पुढे डेट्रॉइटही या धंद्यात उतरलं. १८९३च्या शिकागो प्रदर्शनात डेट्रॉइटच्या मिशिगन स्टोव्ह कंपनीने २५ फुटी शेगडी उभी केली होती. (ती बिडाची नव्हे, लाकूड कोरून केलेली होती, हा गमतीचा भाग.)

खिडक्यांची काळजी सोडा, अभ्रकाचे पत्रे आजही मिळतात आणि कात्रीने कापता येतात. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जगभर जाणारा पत्री अभ्रक मुख्यतः आपल्या कोडरमा (झारखंड) आणि नेल्लोर (आंध्र) भागांतला होता.

फौंड्रीवाला
निकेल बघून भुलू नका, आधी आतली जाळी बघा. राख जाळीपर्यंत साचू दिली की खालून हवा मिळत नाही आणि तापलेली जाळी खाली झुकते. झुकलेली जाळी हलवून फिरत नसेल तर किंमत पाडून मागा.

मग माठ वाजवून घेतो तशी प्रत्येक पाटी बोटाच्या पेराने वाजवा. खणखणीत वाजली तर ठीक, बद्द आवाज आला तर तडा आहे. अंधारात आत टॉर्च ठेवून बाहेरून फिरा. जिथून उजेड फुटेल तिथून हवा शिरणार.

बोटभर तडा बाहेरच्या पाटीवर असेल तर ब्रेझिंगने (पितळ वितळवून सांधण्याने) निभावतो. विस्तवाच्या भांड्यावर असेल तर ते भांडंच बदला. साध्या वेल्डिंग रॉडने थंड बिडावर टाका मारला की टाक्याच्या शेजारी नवा तडा जातो. पाटी आधी सगळी तापवायची, निकेल रॉड वापरायचा, मग कोरड्या राखेत गाडून सावकाश निवू द्यायची. जोड फर्नेस सिमेंटने (आच सोसणाऱ्या सिमेंटने) भरा. पाट्या धरणारे लांब बोल्ट जेमतेम आवळा. बीड तापून फुगतं आणि जागा मिळाली नाही तर कोपऱ्यातून फुटतं. जोडांतलं जुनं सिमेंट किंवा दोरी खरवडण्याआधी त्यात अ‍ॅस्बेस्टॉस आहे का ते तपासून घ्या, कोरडी घासायची नाही.

अल्बनीकर
तडा बाहेरच्या पाटीवरच आहे. पेटवताना काय सांभाळायचं?

कोळसेवाला
पहिले तीन जाळ लहान, मधे पूर्ण थंड होऊ द्या. कोळसा घालताना एका बाजूला लाल निखारा उघडा ठेवा. सगळा झाकलात तर वायू साचतो आणि मग एकदम भडका उडून झाकण उडतं. निळ्या ज्योती दिसेपर्यंत खालची हवा कमी करू नका, आणि धूरनळीची झडप कधीच पूर्ण बंद करू नका; कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूला वास नसतो. त्याचा अलार्म त्या खोलीत आणि झोपायच्या खोलीत, दोन्हीकडे लावा. लाकडी भिंतीपासून ३६ इंच अंतर ठेवा. आणि व्यवहार करण्याआधी विमावाल्याला विचारा, काही कंपन्या प्रमाणपत्र नसलेली शेगडी घरात चालवून घेत नाहीत.