अनुभव धागा : ‘सरप्राइज्ड’च्या पुढचे शब्द तुम्हाला कुठे भेटले?

इंग्रजीत भावना सांगायची वेळ आली की बहुतेकांची गाडी हॅपी, सॅड, अँग्री, सरप्राइज्डवर येऊन थांबते. पुढचे शब्द गाइडमध्ये असतात : अमेझ्ड, अस्टॉनिश्ड, स्टन्ड, शॉक्ड. सगळ्यांपुढे अर्थ एकच, ‘आश्चर्यचकित’! मी नागपुरात धरमपेठेत स्पोकन इंग्लिशचे वर्ग घेते. अशी यादी घोकून काही हाती लागत नाही. शब्द प्रसंगासकट भेटला तरच तोंडात बसतो, असं माझं ठाम मत. तुम्हाला कुठला शब्द कुठे भेटला ते लिहा. शंकाही चालतील.

मिहानमधून
आमचे क्लायंट लंडनचे. एकदा काम लांबलं तेव्हा मेल आली, ‘वी आर अ लिट्ल सरप्राइज्ड बाय द डिले.’ टीममधला नवा पोरगा खूश. म्हणे, रागावले नाहीत, थोडं आश्चर्यच वाटलं त्यांना. टीम लीड म्हणाली, ‘बाबू, हे लोक ‘थोडं आश्चर्य’ लिहितात ना, तेव्हा चांगलेच तापलेले असतात.’ तेव्हापासून त्यांच्या मेल मी दोनदा वाचतो. ‘टेकन अबॅक’ (म्हणजे अचानक धक्का बसून थबकलेले) आलं तर प्रकरण आणखी वर गेलं समजायचं. हा शब्द शिडाच्या जहाजांवरचा. वारा अचानक समोरून आला की शिडं उलटी डोलकाठीवर दाबली जातात आणि जहाज जागीच अडतं. मीटिंगमध्ये असे चेहरे मी पाहिले आहेत. पुढे एक काम वेळेआधी गेलं, तर त्यांचा मॅनेजर कॉलवर म्हणाला, ‘आय ॲम गॉबस्मॅक्ड!’ गॉब म्हणजे तिकडच्या बोलीत तोंड, स्मॅक म्हणजे चापट. शब्द गप्पांतला आहे. मेलमध्ये मी तरी लिहिणार नाही.

सोनेगाव, टॅक्सीवाला
एअरपोर्टवरून पाहुण्यायले पेंच-ताडोबाले नेतो. इंग्रजी गाडीतच शिकलो. एक बाई वाघ पाहून आल्या, रस्ताभर ‘अमेझिंग, अमेझिंग’. उमरेडजवळ वांदर आडवं आलं, म्या कचकन ब्रेक मारला. म्हणे, ‘दॅट स्टार्टल्ड मी!’ म्या इचारलं, शॉक का मॅडम? म्हणे, नो नो. शॉक म्हणजे वाईट बातमी ऐकल्यावानी, मनात राहून जाते. स्टार्टल्ड म्हणजे दचकली, दोन सेकंदात संपलं. आता पोरीले घरी मीच शिकवून राह्यलो.

रविनगर, कॉलेजवाला
ताई, ‘सरप्राइज्ड’ कुठे आणि ‘सरप्रायझिंग’ कुठे, एकदाचं सांगा ना.

धागाकर्ती
ज्याला वाटतं तो सरप्राइज्ड, ज्यामुळे वाटतं ते सरप्रायझिंग. मे महिन्यात पारा ४५ च्या वर गेला की पुण्याचा पाहुणा सरप्राइज्ड. आपल्यासाठी त्यात सरप्रायझिंग काही नाही. बोअर्ड-बोअरिंगचंही तेच, आणि तिथे गल्लत झाली तर जास्त महागात पडतं.

महालमधून, एक आजी
नात अमेरिकेत वाढली. तान्ह्या पोळ्याला, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, इथे होती, म्हणून तिला मारबत पाहायला नेलं. रोगराई, पीडा गावाबाहेर जावी म्हणून मिरवत नेतात तो मोठा पुतळा म्हणजे मारबत. ती गर्दी, ढोल-ताशे, ‘घेऊन जा गे मारबत’चा गजर, आणि समोरून काळी मारबत आली. पोरीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी. मी घाबरले, घरी नेते म्हटलं, तर माझा हात सोडेना आणि जायलाही तयार नाही. म्हणाली, ‘आजी, आय ॲम नॉट स्केअर्ड, आय ॲम ओव्हरव्हेल्म्ड.’ लेकीनं सांगितलं, एकाच वेळी इतकं दाटून येतं की सोसत नाही, मग ते सुखाचं असो की भीतीचं. बडग्यांवरच्या, म्हणजे मिरवणुकीतल्या टिंगलीच्या पुतळ्यांवरच्या, पाट्या मात्र तिनं हसत हसत वाचून घेतल्या माझ्याकडून.

सदरमधून
आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेतल्या स्पीकिंगसाठी ‘फ्लॅबरगास्टेड’ (आश्चर्यानं थक्क) पाठ केलाय. परीक्षकावर छाप पडेल ना?

धागाकर्ती
१७७२ मध्ये हा शब्द छापील नोंदीत आला तो फॅशनमधला नवा शब्द म्हणूनच, आणि त्याची ऐट अजून गेलेली नाही. हसत सांगण्यासारखा किस्सा असेल तर वापर, आजोबांच्या आजारपणाबद्दल बोलताना नको. आणि परीक्षकानं अनपेक्षित प्रश्न टाकला तर ‘टेकन अबॅक’ही नको. मिहानवाल्यांनी वर काय लिहिलंय ते वाच.