खडपाला आपटलेला पंखा: दुरुस्त करावा की नवाच घ्यावा?

प्रश्न – साळकाठ

नमस्कार. आमचा ट्रॉलर गोव्यातल्या कुटबण जेटीवर असतो. गेल्या आठवड्यात पहाटे आत येताना, साळ नदीच्या मुखाशी, सुकतीची वेळ आणि वाळूचा दांडा सरकलेला असल्यामुळे, बोट वाहिनीच्या जरा बाहेर गेली आणि पंखा, म्हणजे प्रोपेलर, पाण्यातल्या खडपाला (खडकाला) लागला. तांडेलाने (बोट चालवणाऱ्याने) ताबडतोब गिअर काढला, त्यामुळे इंजिनाला काही झाले नाही. पण त्यानंतर जेटीपर्यंत येताना बोटीचा मागचा भाग सतत थरथरत होता.

बोट वर घेऊन पाहिले तेव्हा तीन पात्यांपैकी एकाचे टोक साधारण तीन इंच मागे वळलेले आहे, दुसऱ्याच्या पुढच्या कडेचा अंगठ्याएवढा तुकडा टोकाजवळून उडाला आहे आणि तिसरे पाते डोळ्यांना तरी धड दिसते. पंखा ब्राँझचा असून 36 इंच व्यासाचा आणि 24 इंच पिचचा आहे. एका कारागिराने तो गरम करून ठोकून सरळ करू असे सांगितले. दुसऱ्याचे म्हणणे असे की एकदा आपटलेल्या पंख्यावर पुन्हा विश्वास ठेवू नये. नव्याची किंमत दुरुस्तीच्या साधारण तिप्पट पडते आणि तो ओतून मिळेपर्यंत बोट उभी राहील. 31 जुलैला मासेमारीची बंदी उठल्यावर जेमतेम हंगाम धरला आहे, म्हणून निर्णय घाईने पण चुकू न देता घ्यायचा आहे. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर – जुना फिटर

मी जहाजदुरुस्तीच्या कामात बरीच वर्षे काढली आहेत. तुम्ही दिलेल्या वर्णनावरून पंखा दुरुस्त होण्यासारखा आहे असे माझे मत आहे, आणि त्याचे मुख्य कारण म्हणजे इजा पात्याच्या टोकाकडे आहे, बुडाशी नाही.

पात्यावर सर्वांत जास्त ताण बुंध्याला जिथे ते जोडलेले असते तिथे येतो. जहाजांचे वर्गीकरण करणाऱ्या संस्थांच्या नियमांत यासाठी पात्याचे विभाग पाडलेले आहेत: बुंध्यापासून त्रिज्येच्या 0.4 भागापर्यंतच्या दाबाच्या बाजूवर, म्हणजे पाणी मागे ढकलणाऱ्या बाजूवर, सर्वसाधारणपणे वेल्डिंगला परवानगी नसते; 0.7 भागाच्या बाहेर मात्र ते करता येते. तुमच्या पंख्याची त्रिज्या 18 इंच आहे, म्हणजे मध्यापासून साधारण साडेबारा इंचांच्या पलीकडचा भाग हा दुरुस्तीला मोकळा भाग झाला. तुमचे वळलेले टोक 15 इंचांच्या पलीकडे आहे. उडालेला तुकडाही टोकाजवळचाच असेल तर चिंता नाही, तरी फूटपट्टी लावून मोजून घ्या.

यापुढची गोष्ट धातूची. ‘ब्राँझ’ एवढ्याने भागत नाही. आपल्याकडचे बहुतेक पंखे मँगनीज ब्राँझचे असतात, म्हणजे खरे तर जस्त भरपूर असलेले पितळच. दुसरा प्रकार निकेल ॲल्युमिनियम ब्राँझचा. दोघांचे तापमान वेगळे: मँगनीज ब्राँझ साधारण 500 ते 800 अंश सेल्सिअसमध्ये वाकवतात आणि निकेल ॲल्युमिनियम ब्राँझ 700 ते 900 मध्ये. गॅसच्या ज्योतीने एकाच ठिकाणी तापवून, पुरेसे गरम होण्याआधीच हातोडा घातला तर वळणाच्या आत चीर पडते आणि ती त्या वेळी दिसतही नाही. वेल्डिंग झाल्यावर मँगनीज ब्राँझला 350 ते 500 अंशांवर पुन्हा तापवून हळूहळू थंड करावे लागते, नाहीतर खाऱ्या पाण्यात वेल्डजवळ ताणाच्या चिरा निघतात. कारागिराला एवढा एकच प्रश्न विचारा: ‘वेल्डनंतर ताण कसा काढणार?’ उत्तर अडखळले तर पंखा तिथून उचला. पितळातले जस्त तापले की पांढरा धूर सुटतो आणि तो छातीत गेला तर ताप भरतो, म्हणून काम उघड्यावर किंवा चांगल्या वाऱ्यातच झाले पाहिजे.

उत्तर – मालीमकर

वरील उत्तराशी मी सहमत आहे, पण माझा अनुभव सांगितल्याशिवाय राहवत नाही. तीन वर्षांपूर्वी आमच्या पंख्याचे एक पाते असेच वळले होते. एका वर्कशॉपने ते डोळ्यांच्या अंदाजाने सरळ करून दिले आणि दिसायला काम अगदी सफाईदार होते. बोट पाण्यात उतरवली, इंजिन मिनिटाला 1,400 फेऱ्यांच्या वर जाताच मागचा तळ हादरू लागला आणि महिन्याभरात ग्लँडचे, म्हणजे शाफ्ट बोटीबाहेर जातो तिथे पाणी अडवणारे, पॅकिंग दोनदा बदलावे लागले. शेवटी पंखा दुसरीकडे मोजला तेव्हा कळले की दुरुस्त पात्याचे पिच बाकीच्या दोघांपेक्षा दीड इंचाने कमी होते. पिच म्हणजे एका फेरीत पंखा पाण्यात जितका पुढे सरकला पाहिजे ते अंतर. एक पाते 24 चे आणि एक साडेबावीसचे असेल तर तिघांवरचा भार सारखा राहत नाही आणि त्याची किंमत शाफ्ट, बेअरिंग आणि गिअरबॉक्स यांना मोजावी लागते.

म्हणून दुरुस्तीच्या बिलापेक्षा मोजमापाचा कागद मागा. प्रत्येक पात्याचे पिच वेगवेगळ्या त्रिज्यांवर मोजलेले असावे. आयएसओ 484 हे मानक याच कामासाठी आहे आणि त्याचा दुसरा भाग 0.80 ते 2.50 मीटर व्यासाच्या पंख्यांना लागू होतो. 36 इंच म्हणजे सुमारे 0.91 मीटर, तेव्हा तुमचा त्यात बसतो. शेवटी तोल बघणेही आवश्यक आहे: पंखा दांड्यावर चढवून दोन सपाट धारांवर ठेवायचा, कुठलेही पाते आपोआप खाली येऊ लागले तर त्याच्या बोटीकडच्या बाजूने थोडे थोडे घासायचे. दाबाच्या बाजूला हात लावू नये.

उत्तर – मांडवीकाठ

आमच्या बोटी लहान आणि आउटबोर्डच्या (मागे बाहेरून इंजिन लावलेल्या) आहेत, तेव्हा ट्रॉलरवर मी बोलणार नाही. ॲल्युमिनियमचे छोटे पंखे आम्ही बहुतेक वेळा बदलतोच. एक गोष्ट मात्र सगळ्यांना लागू आहे. दुरुस्तीला देण्याआधी पात्याच्या कडेला कानशीने एक-दोनदा घासून पाहा. आत चकचकीत पिवळा धातू दिसला तर ठीक. गुलाबी तांबूस रंग दिसला तर पितळातले जस्त समुद्राने खाल्ले आहे आणि उरले आहे ते ठिसूळ तांबे. तो भाग वेल्ड धरत नाही. तसे असेल तर पैसे दुरुस्तीत घालू नका, आणि नव्या पंख्यासोबत जस्ताचे ॲनोड (पंख्याऐवजी स्वतः झिजणारे तुकडे) वेळेवर बदलण्याची सवय लावा.

साळकाठ

सर्वांचे मनापासून आभार. आज कानशीने तिन्ही पाती घासली. तिन्हीकडे पिवळाच धातू निघाला. उडालेला तुकडा मध्यापासून साडेचौदा इंचांवर आहे. चिरा शोधण्यासाठी लाल रंग लावून, पुसून, वर पांढरी पावडर फवारली तेव्हा त्या कडेपासून आत एक बारीक लाल रेघ उमटली, साधारण अर्धा इंच, आणि 14 इंचांवरच संपली. तिसरे पाते, जे मला धड वाटत होते, त्याच्या टोकाजवळही एक छोटी रेघ निघाली.

उत्तर – जुना फिटर

रेघ 14 इंचांवर संपते म्हणजे ती साडेबाराच्या बाहेर राहते. चीर संपूर्ण घासून काढूनच वेल्ड भरावा, वरून नुसता थर देऊ नये. घासल्यावर पुन्हा लाल रंग लावून ती गेल्याची खात्री करून घ्या. पण पंखा देण्यापूर्वी एक काम राहिले आहे. पंखा काढताना नट पूर्ण न काढता दोन-तीन आट्यांवर ठेवून पुलरने (ओढून काढण्याच्या अवजाराने) ओढला होता ना? तसा नसेल तर पुढच्या वेळी तसाच ओढा, कारण तो सुटतो तेव्हा झटक्याने सुटतो. आणि शाफ्टच्या टोकाला डायल गेज (बारीक हालचाल काट्याने दाखवणारे माप) लावून शाफ्ट हाताने फिरवून पाहा. एवढा मार पात्याने खाल्ला, तर तो शाफ्टपर्यंत पोचला की नाही हे पाहिलेच पाहिजे.

साळकाठ

पाहिले. गेजचा काटा एका फेरीत दीड मिलिमीटर हलतो, म्हणजे शाफ्ट वाकला आहे. उद्या शाफ्ट बाहेर काढून लेथवर देतो आहे; पंखा त्यासोबतच दुरुस्तीला जाईल आणि दोन्ही परत आल्यावर शाफ्टच्या निमुळत्या टोकाला खुणेचा निळा रंग लावून पंख्याचा बोअर (मधले भोक) सगळीकडे नीट टेकतो का ते पाहूनच बसवू.