जुन्या स्टेशनला सिमेंट नका लावू

वरच्या पोस्टमध्ये दादांनी सुचवलंय की श्रमदानातून आपल्या जुन्या रेल्वे स्टेशनच्या दगडी भिंतींना सिमेंटचा गिलावा करू. कळकळ पोचली, पण जरा थांबा. आपलं स्टेशन ज्या बार्शी लाइट रेल्वेचं, ती अरुंद रुळांची जुनी लाइन सुरू झाली १८९७ ला, लातूरला पोचली १९११ मध्ये. तेव्हाचं आपल्याकडचं दगडकाम बहुतेक चुन्यातलंच. चुना ओल बाहेर सोडतो, सिमेंट ती आत कोंडतं. मग लोणा (क्षारांचा पांढरा थर) धरतो, दगडाचे पापुद्रे सुटतात. आमच्या वाड्याचं जोतं असंच गेलं (सिमेंटची हौस माझीच होती!). चुना भिजवून नीट मुरू द्या, त्यात विटेची भुकटी घाला, अन् गिलावा ओल्या पोत्यांखाली ठेवा. त्याआधी छपराची गळती थांबवा आणि भिंतीतला पिंपळ काढा. रेल्वेची परवानगी लेखीच घ्या. रविवारी घमेली घेऊन येतो.